अभ्यंग आणि स्वार्थ

सोमवारची पालखी देवळात परतली, आरती झाली, तीर्थप्रसाद वाटून संपला आणि नेहमीप्रमाणे आम्ही चारदोन मंडळी सभामंडपाच्या पायरीवर बोलत बसलो होतो. बोलता बोलता विषय निघाला तो झोपेचा. एक शिक्षिका बाई म्हणाल्या, "रात्री सासूबाईंचे सारे आटोपले की मी अर्धा तास दार लावून घेते. वाटीभर खोबरेल कोमट करायचे, त्यात लॅव्हेंडरच्या तेलाचे दोनतीन थेंब टाकायचे आणि स्वस्थपणे ते तळपायांना नि मानेला चोळायचे. तेवढा अर्धा तास माझा." बाईंच्या सासूबाई तीन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या आहेत, हे गावात सर्वांस ठाऊक आहे. तरीही आमच्यातले एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "देहाचे एवढे चोचले कशाला? तेवढ्या वेळात जप झाला असता." बाई पुढे काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने नमस्कार करून त्या निघून गेल्या.

त्या गेल्या, पण प्रश्न मागे राहिला. आपल्या देहाची आपणच प्रेमाने निगा राखणे हा स्वार्थ आहे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. वाटीभर तेलात एवढे तत्त्वज्ञान कसले, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्याला आपण धर्म म्हणतो त्यातील बराचसा भाग अशा क्षुल्लक गोष्टींतूनच माणसाच्या वाट्याला येतो किंवा त्याला नाकारला जातो.

प्रथम शास्त्राकडे वळू. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. त्यात अभ्यंग नित्य करावा, आणि मस्तक, कान व पाय यांस तो विशेषेकरून करावा, असे स्पष्ट सांगितले आहे. अभ्यंगाने जरा, श्रम व वात दूर होतात आणि निद्रा चांगली लागते, हे त्याचे फळ. कफाने ग्रासलेल्याने व अजीर्ण झालेल्याने मात्र तो टाळावा, असा इशाराही तेथेच आहे. पण मला अधिक विचार करावयास लावते ते त्याच अध्यायातले पुढचे सांगणे. उपजीविका नसलेले, रोगी आणि शोकाने पीडलेले यांस यथाशक्ति साहाय्य करावे. किडामुंगीलादेखील सदैव आपल्यासारखेच मानावे, असे वाग्भट सांगतो. तेल चोळण्याचा विधी आणि भूतदयेचा उपदेश एकाच अध्यायात, एकाच दिवसाच्या क्रमात आले आहेत. 'आपल्यासारखे' मानावयाचे, तर ज्या 'आपल्या'वरून हे माप घ्यावयाचे त्याची आधी काही किंमत असावयास हवी. जो स्वतःला तुच्छ लेखतो त्याने मुंगीला आपल्यासारखे मानले, तर त्या मुंगीचे काय कल्याण होणार?

कोणी म्हणतील, मनुस्मृतीने गंध व माला वर्ज्य सांगितल्या आहेत. सांगितल्या आहेत खऱ्या, पण त्या दुसऱ्या अध्यायात, ब्रह्मचाऱ्यासाठी. विद्यार्थ्याचा नियम गृहस्थाश्रमी माणसावर लादण्याचे कारण नाही. आणि गंध हा जर मुळातच अमंगल विलास असता, तर पंचोपचारांत पहिला मान त्याला का मिळाला असता? गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य. सहाणेवर चंदनाचे खोड उगाळताना पुजाऱ्याचा हात जो एका लयीत फिरतो, तो पाहणाऱ्यालाही शांतवतो. आपण देवाला जागवतो, स्नान घालतो, गंध लावतो, शेजारती करून निजवतो. विश्रांती ही देवालाही अर्पण करण्याजोगी वस्तू आहे, असे आपण मानतो. मग ती माणसाने घेतली की तिला चोचले कसे म्हणावे?

आमच्या घरी थोरली आत्या होती. सोळाव्या वर्षी तिला वैधव्य आले आणि ती माहेरी परतली. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळून आम्ही पोरे घरी येत असू, तेव्हा न्हाणीघरातला तांब्याचा हंडा तापलेला असे आणि पाटांची ओळ मांडलेली असे. एकेकाला पाटावर बसवून आत्या टाळूवर तेल घाली. तिच्या तळव्यांत कष्टाचा खरखरीतपणा होता, पण तेल मुरवताना ते तळवे विलक्षण मऊ होत. उटणेही तिनेच कुटून चाळून ठेवलेले असे. सगळ्यांचे झाले की हंड्याच्या तळाशी उरलेल्या पाण्याने ती स्वतः न्हाई. तेलाशिवाय. अभ्यंग, सुगंध, फुले हे विधवेला निषिद्ध, असा त्या काळचा आचार होता. अंगणातली अबोली ती वेचून देई, माळीत मात्र नसे. "आते, तुला तेल?" असे मी एकदा विचारले, तेव्हा ती हसून म्हणाली, "मला कशाला रे बाबा?"

ते 'मला कशाला' आम्ही सगळ्यांनी तिचे वैराग्य समजून पुष्कळ वर्षे वाखाणले. आज मला त्या वाखाणण्याची लाज वाटते. त्याग हा जवळ असलेल्या वस्तूचा करता येतो. जी हातात येऊच दिली नाही तिचा त्याग कसला? तिच्या अखेरच्या आजारात माझी पत्नी तिच्या पायांना तेल चोळू लागली, तेव्हा आधी तिने पाय आखडून घेतले. मग हळूहळू सैल सोडले आणि म्हणाली, "आईनंतर कोणी हात लावला नव्हता." संस्कृतात तेलाला आणि मायेला 'स्नेह' हा एकच शब्द आहे. हे मी शाळेत शिकलो होतो. कळले मात्र त्या रात्री.

याचा अर्थ बाजारात मिळणारी प्रत्येक कुपी पुण्यप्रद आहे, असा मुळीच नव्हे. गुलाबाच्या एक किलो तेलासाठी साधारण 3 ते 4 हजार किलो फुले लागतात. चंदनाचे तेल खोडाच्या गाभ्यातून व मुळांतून निघते, त्यामुळे झाड मुळासकट उपटले जाते. कनौजला तांब्याच्या देगेत फुले उकळून त्यांची वाफ बांबूच्या नळीने भपक्यात उतरवतात, आणि तेथे परंपरेने चंदनतेलच तो सुगंध धरून ठेवते. इतके आयुष्य आटून जे थेंबभर उरते, ते बादलीने ओतणाऱ्याला रसिक कसे म्हणावे?

गंधाने उपचार करण्याच्या या पद्धतीला आजचे पाश्चात्त्य नाव दिले ते गातफोसे या फ्रेंच रसायनज्ञाने. 1910 साली प्रयोगशाळेतील स्फोटात तो भाजला व जखमांवर त्याने लॅव्हेंडरचे तेल वापरले. त्याचा या विषयावरचा ग्रंथ 1937 सालचा. लॅव्हेंडरच्या वासाने चिंता थोडी कमी होते, झोप थोडी सुधारते, असे काही लहान प्रयोगांत दिसून आले आहे. परंतु वास लपवता येत नसल्याने हे प्रयोग निर्दोष करणे कठीण. घ्राणाचा संदेश मेंदूतील भावना व स्मृती यांच्या केंद्रांकडे फार जवळच्या वाटेने जातो, हे मात्र खरे. म्हणूनच बकुळीच्या एका वाळल्या फुलाने पन्नास वर्षांपूर्वीचे अंगण उभे राहते. यापुढे जाऊन कोणी असाध्य रोग बरे करण्याची हमी देऊ लागला, तर त्याच्यापासून दूर राहावे. ही ऊर्ध्वपातित तेले अत्यंत तीव्र असतात. ती नुसती त्वचेला लावू नयेत, खोबरेल किंवा तिळेलात थेंबभर मिसळावी, आणि पोटात कदापि घेऊ नयेत. देवघरातला कापूरही लहान मुलाने गिळला तर त्याला आकडी येऊ शकते. तो वर ठेवावा.

तेव्हा स्वार्थाची रेघ कोठे ओढावयाची? मला वाटते, तेलाच्या वाटीत ती सापडणार नाही. माझी विश्रांती कोणाच्या श्रमावर उभी आहे, हे विचारले की ती दिसू लागते. शिक्षिका बाई आपले तेल आपणच कोमट करतात, आपणच चोळतात, आणि तेही रुग्णाचे सारे आटोपल्यावर. त्यांच्या त्या अर्ध्या तासासाठी दुसऱ्या कोणालाही जागे राहावे लागत नाही.

पुढच्या सोमवारी बाई आल्या नाहीत. पायरीवर त्या वृद्ध गृहस्थांच्या शेजारी बसण्याचा योग मला आला. आमचा शेजार जुना, त्यामुळे त्यांच्या घरची रीत मला ठाऊक आहे. गेली चाळीस वर्षे रोज रात्री काशाच्या वाटीने त्यांच्या तळपायांना तेल घासले जाते. घासतात त्यांच्या पत्नी. मी सहज विचारावे तसे विचारले, "काका, काकूंच्या पायांना तेल कोण लावते हो?"

ते बराच वेळ दीपस्तंभाकडे पाहत राहिले. मग "उशीर झाला" असे म्हणून उठले आणि अंधारात चपला चाचपू लागले.