साह्य परक्याचे, हात आपले

नहेम्याला लाकूड परक्या राजाने दिले. परंतु यरुशलेमेचा कोट लोकांनीच, कित्येकांनी तर आपापल्या घरासमोर, बांधिला. परदेशच्या साह्याविषयीही हाच धडा आम्हांस दिसतो. आपल्या वृद्धांस पायविहिरींतला नारू आठवत असेल. १९८६ साली आफ्रिका व आशिया खंडांत सुमारे ३५ लक्ष लोक त्याने पीडित होते. २०२३ साली सर्व जगात केवळ १४ रोगी आढळले. त्या रोगावर ना लस, ना औषध. परदेशांतून द्रव्य व गाळणीचे कापड आले खरे. पण रोज पाणी गाळिले ते गावच्या बायांनी, व रोग्यास तळ्यात उतरू दिले नाही ते गावकऱ्यांनी. यास्तव साह्य आले असता आपण देवाचे आभार मानावे, आणि लागलेच आपल्या दारापुढील काम हाती घ्यावे.