खोडलेला भाव

२०२३ च्या जानेवारीत नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची पांगापांग झाली. आठवं सत्र इंटर्नशिपचं. हिंजवडी, खराडीत ज्यांची वर्णी लागली ते बॅगा भरून पुण्याला गेले, काहींना घरबसल्या लॅपटॉपवर काम मिळालं, आणि एका मुलीच्या वाट्याला द्वारका चौकामागची दोन खोल्यांची कंपनी आली. कांद्याच्या व्यापाऱ्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर करणारी. विद्यावेतन पेट्रोलपुरतं. मैत्रिणी हळहळल्या.

मुलगी हुशार. डेटाबेसमध्ये तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं, आणि उद्योजकतेच्या ऐच्छिक विषयातही तीच पहिली. त्या विषयात धंद्याचा आराखडा नऊ चौकोनांत मांडायला शिकवतात: ग्राहक कोण, त्याला देणार काय, पैसे येणार कुठून, जाणार कुठे. पहिल्याच आठवड्यात तिने कंपनीचा आराखडा मांडून मालकांसमोर, म्हणजे सरांसमोर, ठेवला. ग्राहकाच्या चौकोनात तिने लिहिलं होतं, ‘व्यापारी’. सर खूश झाले. शेतकऱ्याचं नाव नवापैकी एकाही चौकोनात नव्हतं. शास्त्राप्रमाणे त्यात चूक काढता येणार नाही. सॉफ्टवेअरचे पैसे शेतकरी थोडाच देतो?

लाल कांद्याचा हंगाम ऐन भरात होता आणि भाव कोसळले होते. सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून, सगळा खर्च वजा जाता, एका शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा चेक पडल्याची बातमी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतली. महिनाअखेरीस लासलगावला शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. अशा दिवसांत कंपनीच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा, एका शेठचा, फोन आला. सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण एकदा शेतकऱ्याच्या मालाची पट्टी सेव्ह झाली की भाव बदलता येत नाही. तेवढी सोय करून द्या. दिली, तर आमच्या बाजारातले आणखी दहा-बारा व्यापारी तुमच्याकडे वळवतो.

सरांनी काम मुलीकडे सोपवलं. तिला ते अर्ध्या दिवसाचंही नव्हतं. जुना आकडा काढून त्या जागी नवा ठेवायचा. डेटाबेसला एका ओळीची आज्ञा. बटण लावलं, रंग दिला, दुसऱ्या दिवशी ते बसवायला ती स्वतः शेठच्या खळ्यावर गेली.

कांद्याचा लिलाव ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ट्रॅक्टर, पिकअप रांगेत उभे असतात. वरचा माल पाहून व्यापारी बोली लावतात आणि मिनिटभरात क्विंटलचा भाव ठरतो. सौदापट्टीवर तो लिहिला जातो. मग गाडी काट्यावर जाते, वजन होतं, काटापट्टी निघते. तिथून गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होते, आणि खरी गंमत तिथे सुरू होते. तळाचा माल ओला निघाला, बारीक निघाला, मोड आलेला निघाला की शेठ म्हणतात, हा भाव परवडत नाही. शेतकरी म्हणतो, बोलीच्या वेळी डोळे होते ना? घासाघीस होते. कधी शेतकरी ऐकतो, कधी गाडी परत भरायला लागतो. रिकामी झालेली ट्रॉली पुन्हा भरण्याची हमाली कोण देणार, हे माहीत असल्याने बहुतेक वेळा तोच ऐकतो. म्हणजे भाव बदलायचाच. शेठची मागणी हवेतली नव्हती.

खळ्यावरचे दिवाणजी म्हणजे आप्पा. साठी उलटलेली, कानावर पेन्सिल, पण लिहायला शाईचं पेन. मुलीने त्यांना नवं बटण दाखवलं. ६४० चे ५६० करून दाखवले. पडद्यावर ६४० ची खूणही उरली नाही.

“आणि आधीचा गेला कुठं?” आप्पांनी विचारलं.

“बदलला ना, आप्पा.”

“ते दिसलं मला. गेला कुठं, ते विचारतोय.”

उत्तर नव्हतं. आप्पांनी लाल कापडी बांधणीची वही पुढे ओढली. पानोपानी खोडलेले आकडे होते. प्रत्येकावर एकच आडवी रेघ, आतला आकडा स्वच्छ वाचता येईल अशी. शेजारी नवा भाव, एका शब्दात कारण (‘ओला’, ‘मोड’, बारीक मालाला ‘गोल्टी’) आणि शेतकऱ्याची सही, नाहीतर अंगठा.

“पोरी, खोडायचं, पण पुसायचं नाही,” आप्पा म्हणाले. “महिन्यानं माणूस पट्टी घेऊन येतो. म्हणतो, बोली सहाशे चाळीसची झाली होती. मी वही उघडतो. हे बघ तुझं सहाशे चाळीस, हा तुझा अंगठा. भांडण तिथंच मिटतं. तुझ्या मशीनमध्ये मी त्याला काय दाखवू?”

“मग शेठनी असं का मागितलं?”

“शेठला पट्टी स्वच्छ पाहिजे. खाडाखोड दिसली की चार लोक विचारतात.” आप्पांनी खांदे उडवले. “शेठ वाईट नाही. भांडण नको असतं त्याला. पण भांडणाला मी बसतो ना समोर!”

ती त्या दिवशी बटण न बसवता परतली. रात्री बसून तिने रचनाच बदलली. कुठलीही नोंद बदलायची नाही, मागची तशीच ठेवून पुढे नवी जोडायची. केव्हा, कोणी, कशासाठी हे तिच्यासोबत. पडद्यावर आणि छापलेल्या पट्टीवर जुना भाव रेघ मारलेला दिसणार, नवा त्याच्या शेजारी. हे तंत्र तिला पुस्तकातून ठाऊक होतं. परीक्षेत त्यावर सहा गुणांचा प्रश्नही येतो. ते तंत्र कोणासाठी असतं, हे मात्र त्या प्रश्नात विचारलेलं नसतं.

सर चिडले. त्यांचं चिडणं रास्त होतं. दहा-बारा गिऱ्हाइकं म्हणजे त्या दोन खोल्यांचं वर्षाचं भाडं आणि दोन पगार. मुलीने बाजू मांडली. १ एप्रिलपासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा केंद्राचा नियम लागू होतोय, हेही सांगितलं.

“तो कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना. आपली गिऱ्हाइकं एकट्या मालकीच्या पेढ्या. त्यांना लागू नाही,” सर म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं.

“सर, एकदा आप्पांकडे येता का?”

बऱ्याच दिवसांत सर खळ्यावर गेले नव्हते. धंदा वाढला की असं होतं. सॉफ्टवेअर विकणारा माणूस सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याच्या केबिनमध्येच बसायला लागतो. ते गेले, सकाळच्या गाड्या रिकाम्या होईपर्यंत आप्पांशेजारी स्टुलावर बसले, तीन भांडणं पाहिली. येताना गाडीत काही बोलले नाहीत. संध्याकाळी शेठना फोन करून म्हणाले, भाव बदलता येईल, पण जुना दिसेल.

शेठ म्हणाले, मग राहू द्या. पुण्याच्या एका कंपनीने त्यांना हवं तसं बटण आठवड्यात दिलं. दहा-बारा व्यापाऱ्यांचा विषय तिथेच मिटला. सरांनी मुलीला बोल लावला नाही, पण महिनाभर ऑफिसातला चहा दोनदाऐवजी एकदा यायला लागला.

मार्चमध्ये सरकारने कांद्याला अनुदान जाहीर केलं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. अर्जाला सातबारा हवा, त्यावर कांद्याची नोंद हवी आणि विक्रीची पट्टी हवी. ज्यांनी पट्ट्या खिशातच चुरगाळल्या होत्या ते घरी जाऊन कपाटं, ट्रॅक्टरचे डबे धुंडाळू लागले.

शेठच्या खळ्यावर गर्दी झाली. पुण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भावासारखंच वजनही बदलता येत होतं. खराब माल वजा करून नवं वजन घातलं जायचं आणि पट्टी स्वच्छ निघायची. पण बाजार समितीच्या दप्तरात काट्याचं वजन होतं. एकीकडे २१.४०, दुसरीकडे १९.८०. अर्ज परत येऊ लागले: पट्टी आणि दप्तर जुळत नाही. शेठने एका पैचाही घोटाळा केला नव्हता. पण तसं दाखवायला त्यांच्या संगणकात काही उरलं नव्हतं.

आप्पांनी मात्र वही सोडली नव्हती. मशीन भरायचं ते भरायचे, आणि शाईने आपलं लिहायचे. त्या वहीच्या झेरॉक्स काढून, प्रत्येक पानावर शेठचा शिक्का मारून अर्ज पुन्हा गेले. बरेच मार्गी लागले. अंगठा घ्यायचा राहून गेलेल्या दोघांचे लटकलेच.

यानंतर शेठ परत आले, असं लिहिलं तर गोष्ट गोड होईल. ते आले नाहीत. पुण्याचं सॉफ्टवेअर त्यांनी चालू ठेवलं आणि आप्पांना दोन नव्या वह्या आणून दिल्या. शेजारच्या दोन व्यापाऱ्यांनी मात्र सरांना फोन केला, त्या खोडलेल्या भावाचं काय ते दाखवा म्हणाले. पैकी एकाने घेतलं.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. इंटर्नशिपची रोजनिशी जमा करावी लागते. रोज काय केलं ते लिहायचं आणि आठवड्याला कंपनीची सही घ्यायची. ती आदल्या रात्री एका बैठकीत, दोन-तीन रंगांची पेनं फिरवून लिहिण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे आणि परीक्षकही एकेकाळी त्याच परंपरेत वाढलेले असतात. हिची रोजनिशी वेगळी होती. फेब्रुवारीच्या एका पानावर ‘भाव बदलण्याचे बटण पूर्ण केले’ या वाक्यावर आडवी रेघ होती. खाली लिहिलं होतं, ‘चुकीचे होते. कारण: आप्पा’. पुढेही अशा रेघा बऱ्याच होत्या.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं चाळली.

“एवढी खाडाखोड? फेअर कॉपी नाही केली?”

“हीच फेअर आहे, सर.”

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, रेघेखालचं एक वाक्य वाचलं, मग दुसरं वाचलं. सादरीकरणाला पैकीच्या पैकी दिले. टापटिपीला पाचपैकी दोन.