‘मॅडम, इथे फक्त सही’

चि. मृणाल,


सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून तुझी निवड झाल्याचं ताईने फोनवर सांगितलं. पाठोपाठ तुझं पत्र आलं. अभिनंदन आल्यावर समोरासमोर करीन; आधी तू जरा बिचकतच विचारलेल्या प्रश्नाचं बोलू. सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना आत ठेवण्याच्या कामात आपलाही हात लागला तर काय, असं तू विचारतेस. लागेल. मोर्चा, जमावबंदी, रास्ता रोको, सरकारी कामात अडथळा यातली एखादी केस तालुका कोर्टातसुद्धा येतेच येते.

सरकारी वकील आणि दडपशाही हे दोन शब्द एकत्र आले की लोकांना मॉस्को आठवतं. 1936 ते 1938 मधल्या त्या खटल्यांत सरकारपक्षाकडून आंद्रेई विशिन्स्की उभा राहायचा. आरोपींना पिसाळलेली कुत्री म्हणायचा, गोळ्या घाला म्हणून मागणी करायचा. जानेवारी 1937 च्या खटल्यातल्या सेरेब्रियाकोव्हसाठी त्याने मृत्युदंड मागितला आणि त्याचा गावाबाहेरचा बंगलाही स्वतः पटकावला. पुढे हा गृहस्थ देशाचा परराष्ट्रमंत्री झाला. तू विशिन्स्की होशील अशी भीती मला मुळीच नाही. मला काळजी आहे ती एका साध्या दुपारची. बोर्ड लांबलेला असेल, तुझा डबा तसाच पडलेला असेल, आणि पैरवी हवालदार टाईप केलेला कागद पुढे सरकवून म्हणेल, ‘मॅडम, इथे फक्त सही.’

आपल्याकडे माणूस आत राहतो तो बहुतेक वेळा निकालाने राहत नाही. तो राहतो रिमांडने, मुदतवाढीने, जामिनाला दिलेल्या ‘से’ने, म्हणजे सरकारपक्षाच्या लेखी म्हणण्याने, आणि तारखांनी. यातल्या बऱ्याच ठिकाणी सरकारी वकिलाची सही किंवा त्याचं म्हणणं लागतं. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याचंच बघ. नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ही मुदत एकशे ऐंशी दिवसांपर्यंत वाढवता येते, पण त्यासाठी कायदा सरकारी वकिलाचा अहवाल मागतो. तपास कुठवर आला आणि याच माणसाला आत ठेवणं नेमकं कशासाठी गरजेचं आहे, हे त्यात लिहावं लागतं. त्याआधीच्या टाडा कायद्यातही अशीच तरतूद होती. हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र शासन या 1994 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं आहे की सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही, तो टपाल पुढे धाडणारं पोस्ट ऑफिसही नाही. त्याने स्वतःचं डोकं चालवून अहवाल द्यायचा आहे.

प्रत्यक्षात काय होतं तेही ऐक. भीमा कोरेगाव प्रकरणात नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना जून 2018 मध्ये अटक झाली. सप्टेंबरमध्ये तपासाला मुदतवाढ मिळाली. त्यासाठी दिलेला अहवाल खरोखर सरकारी वकिलाचा की तपासी अंमलदाराचा, यावर हायकोर्टात वाद झाला आणि हायकोर्टाने मुदतवाढ रद्द केली. फेब्रुवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. म्हणजे कागद तगला. पण अंमलदाराचा मजकूर कुठे संपतो आणि वकिलाचं मत कुठे सुरू होतं यावर देशाच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत भांडावं लागलं, हे मला आपल्या पेशाला शोभणारं वाटत नाही. त्या प्रकरणात अटकेला पाच वर्षं उलटली तरी दोषारोप निश्चित झाले नव्हते.

त्याच प्रकरणातले स्टॅन स्वामी. 83 वर्षांचे, पार्किन्सन्सने हात थरथरणारे. 8 ऑक्टोबर 2020 ला त्यांना रांचीत अटक झाली. पेला धरता येत नाही म्हणून नळीचा पेला मिळावा, असा अर्ज त्यांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीला विशेष न्यायालयात केला. त्यावर तारीख पडली. 26 नोव्हेंबरला तपास यंत्रणेने उत्तर दिलं की तो पेला आमच्याकडे नाही. पुढे तुरुंगाने पेला दिला. 5 जुलै 2021 ला जामिनाची सुनावणी चालू असतानाच ते वारले. त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे हे कोर्टाने कधी ठरवलंच नाही. अशा अर्जावर सरकारी वकिलाला उठून ‘आमची हरकत नाही’ एवढं त्याच दिवशी म्हणता येतं. तेवढं म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि प्राध्यापक जी. एन. साईबाबा. मार्च 2017 मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली. यूएपीएत खटला चालवायला शासनाची मंजुरी आधी लागते. त्यांच्या बाबतीत ती आली दोषारोप निश्चित झाल्यानंतर. ही गोष्ट खटला चालवणाऱ्याला ठाऊक नसेल हे मी मानत नाही. त्याच मुद्द्यावर हायकोर्टाने ऑक्टोबर 2022 मध्ये त्यांना सोडलं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी बसून सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. 5 मार्च 2024 ला फेरसुनावणीनंतर हायकोर्टाने त्यांना निर्दोष ठरवलं. सहआरोपी पांडू नरोटे तोवर तुरुंगवासातच वारला होता. साईबाबा सुटले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले.

याचा अर्थ पोलिसांवर डोळे वटारून बस असा घेऊ नकोस. 1 मे 2019 ला गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी घडवलेल्या स्फोटात 15 पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. त्यांच्या घरच्यांसाठी कोर्टात भक्कम उभं राहणारा सरकारी वकीलच असतो, आणि पुरावा असेल तिथे तू कचरलीस तर मी तुला माफ करणार नाही. मात्र असा खटला पोकळ कागदांवर रेटलास तर पुढच्या खऱ्या खटल्यातही कोर्ट तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही. उलट्या बाजूने, आरोपीला सांभाळून घेण्यासाठी दबाव आला तरी तो तेवढाच घातक. मालेगाव स्फोटाच्या खटल्यातल्या विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी 2015 मध्ये जाहीरपणे सांगितलं की आरोपींबाबत नरमाईने घ्या असा निरोप आपल्याला आला. तपास यंत्रणेने ते नाकारलं. पण निरोप कसे येतात ते माहीत असू दे: तोंडी येतात, चहा पिताना येतात, आणि ‘वरून’ या एका शब्दावर संपतात. अशा वेळी ‘साहेब, लेखी द्या’ म्हणावं. बहुतेक निरोप तिथेच विरतात.

खटले मागे घेण्याचंही तसंच. राजकीय आंदोलनांचे गुन्हे मागे घ्यायचा शासन निर्णय निघतो, पण कोर्टात अर्ज सरकारी वकिलाने स्वतः विचार करून द्यायचा असतो. सत्तेतल्या पक्षाच्या पोरांचे गुन्हे निघाले आणि अंगणवाडी सेविकांचे राहिले, तर ते टिपणात नोंदव.

बदली होईल, गोपनीय अहवालात शेरा पडेल. मुलांच्या शाळेचे हाल होतात, ताई रडते, हेही सगळं खरं. हे तुला गोड करून सांगत नाही.

रिमांड मागण्याआधी केस डायरी उघडून बघ. जामिनाला विरोध करायचा तर ‘से’ स्वतःच्या शब्दांत लिही. ‘साक्षीदारांवर दबाव आणण्याची शक्यता’ हे छापील वाक्य लिहिण्याआधी कोणते साक्षीदार, ते अंमलदाराला विचार. नाव सांगता आलं नाही तर वाक्य खोड. आजारपण, औषध, चष्मा, पुस्तकं, घरच्यांची भेट यांच्या अर्जांना हरकत घेऊ नकोस आणि तारीखही मागू नकोस.

रुजू व्हायला अजून वेळ आहे. तोवर हितेंद्र ठाकूरचा निकाल मुळातून वाच, हेडनोटवर भागवू नकोस, आणि वाचून झाला की फोन कर.

तुझा,
मामा