मरियामातेच्या गीताला कोणता शब्द?



पवित्र मरियेचे गीत (लूक १:४६-५५) ख्रिस्तसभा रोज सायंप्रार्थनेत म्हणते. ते कसे आहे, असे विचारले तर आपण पटकन ‘गोड’ म्हणतो. पण शब्द नीट वाचा. आरंभी ते आनंदी आहे, नम्र आहे. पुढे मात्र गर्विष्ठांची दाणादाण होते, सत्ताधीश खाली येतात, भुकेले तृप्त होतात, श्रीमंत रिकाम्या हाती जातात. येथे ‘निर्भय’ हाच शब्द शोभतो. शेवटी आब्राहामाला दिलेले वचन देवाने पाळले, म्हणून ते कृतज्ञ आहे.

‘गोड’ म्हणून गायलो आणि घरी गेलो, तर दारातल्या भुकेल्याचे काय? या आठवड्यात गाताना स्वतःला विचारू या : या गीतात मी कुठे आहे?

आमेन.