मागे उरलेल्यांची शांती

ठाण्यात मानपाड्याला घोडबंदर रस्त्यालगतच्या इमारतींमध्ये संध्याकाळी कुणाच्या तरी घरी ख्रिस्ती कुटुंबं प्रार्थनेला जमतात. कुणाचा बायोप्सीचा रिपोर्ट यायचा असतो, कुणाच्या कंपनीत माणसं कमी करणं चालू असतं, कुणाचा मुलगा रोज मध्यरात्री बाइकवरून घरी येतो. मागणं बहुतेक एकच असतं: मनाला शांती दे. ठाण्याच्या मातीत हे मागणं सातशे वर्षांचं आहे, आणि शांती म्हणजे काय याची समज एवढ्या काळात पुष्कळ बदलली आहे.

एप्रिल 1321 मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मप्रसारकांना ठार मारण्यात आलं. तोलेन्तिनोचा थॉमस हा त्यांतला ज्येष्ठ. चीनला निघालेली ही माणसं वाऱ्यामुळे इथल्या बंदराला लागली होती. त्यांची हकिगत युरोपात हौतात्म्याची कथा म्हणून पसरली. अशा कथांतला श्रद्धावंत निर्भय असतो, मरणापुढेही डगमगत नाही. जुन्या ख्रिस्ती मनाला शांतीचं हेच रूप ठाऊक होतं. मला मात्र त्या चौघांपेक्षा त्यांचा सहप्रवासी जोर्दानस जवळचा वाटतो. तो डोमिनिकन होता आणि त्या दिवशी ठाण्यात नव्हता, म्हणून वाचला. त्याने सोबत्यांचे अवशेष गोळा करून सोपाऱ्यात पुरले आणि तो याच किनाऱ्यावर राहिला. त्याची पत्रं उपलब्ध आहेत. त्यांत एकटेपण आहे, आजारपण आहे, झालेल्या छळाचं दुःख आहे. हुतात्म्याला भीतीशी एकदाच झगडावं लागतं. मागे उरलेल्याला ती दर सकाळी नव्याने भेटते.

श्रद्धावंतालाही भीती वाटते, याला शुभवर्तमानांत आधार आहे, पण तो आपण घाईने वाचून पुढे जातो. अटकेच्या आधीच्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशू व्याकूळ झाला होता. हा प्याला टळावा अशी त्याने प्रार्थना केली होती. भीती वाटते म्हणजे श्रद्धा कमी पडते, असं प्रार्थनेला आलेल्या घाबरलेल्या आईला सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं सांगणं क्रूरपणाचं आहे.

भीती आणि श्रद्धा एकाच मनात नांदू शकतात, हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सर्वांत खोलवर दिसतं. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, मोठी बहीण गेली. भावाबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं, आणि दोनच वर्षांत भाऊही गेला. 1882 मध्ये पती वारले. पुढच्याच वर्षी त्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. आपल्याला बळजबरीने बाटवतील, या धास्तीने त्यांचं मन पोखरलं होतं. त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला संस्कृतचे अभ्यासक मॅक्सम्युल्लर यांच्याकडे राहिल्या, तेव्हा रात्री त्यांच्या खोलीत मोलकरणीला झोपवावं लागे, असं मॅक्सम्युल्लर यांनीच लिहून ठेवलं आहे. भरसभेत पंडितांशी संस्कृतात बोलणारी ही बाई अंधारात एकटी झोपू शकत नव्हती.

29 सप्टेंबर 1883 ला वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथे कथा संपवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. रमाबाईंना झाला नाही. 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या स्पष्ट सांगतात की धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. सिद्धांत पटले होते, पण आपण क्षमेला पात्र नाही ही टोचणी गेली नव्हती. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन वाचताना, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, त्यांना उमगलं की ही क्षमा कमवायची नसते, ती आधीच दिलेली असते. मला या आठ वर्षांचं मोल फार वाटतं. चटकन शांती मिळाल्याच्या साक्षी ऐकून जे मनातल्या मनात खचतात, त्यांना ही आठ वर्षं कुणीतरी सांगायला हवीत.

आणि मिळालेल्या शांतीचं त्यांनी काय केलं? 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या भुकेने आपलं घर गिळलं, तिच्याच दिशेने त्या निघाल्या. स्वतःच्या जुन्या दुष्काळाच्या आठवणी जाग्या झाल्याचं त्यांनी लिहिलं आहे. त्या आठवणी पुसल्या गेल्या नव्हत्या, उलट त्यांच्यामुळेच समोरच्या मुलींच्या डोळ्यांतली धास्ती त्यांना ओळखता आली. शेकडो मुली त्यांनी आणल्या, आणि त्यांतून निराश्रित मुलींसाठीचं केडगावचं मुक्ती सदन वाढलं.

ही शांती गप्प बसण्याचीही नव्हती. त्याच 1897 मध्ये पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या रुग्णालयात बायकांची होणारी हेळसांड रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात उघडपणे लिहिली. सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं होतं, आणि रमाबाईंच्या संस्थेला मदत करणारे पुष्कळ जणही ख्रिस्तीच होते. सरकारने आरोप फेटाळले. रमाबाई गप्प बसल्या नाहीत.