सिंह खरा की सोंग खरे?

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या सातपूरच्या कॉलनीतली मुले किल्ला करायला बसतात. फुटक्या विटा, जुनी पोती आणि चार-दोन बादल्या चिखल एवढ्या भांडवलावर दोन दिवसांत रायगड उभा राहतो. त्यावर मोहरी पेरतात, मातीचे मावळे मांडतात आणि पायथ्याशी गुहा करून तिच्यात एखादे जनावर बसवतात. परवा या गुहेवरून मोठा वाद झाला. एकाने प्लॅस्टिकचा सिंह आणला होता. दुसरा म्हणाला, “सह्याद्रीत सिंह असतो का रे? वाघ पाहिजे.” वाघ कोणाकडेच नव्हता. तेव्हा सर्वांत धाकट्याने निकाल दिला, “हा वाघच आहे. त्यानं सिंहाचं सोंग घेतलंय.” वाद मिटला आणि सिंह गुहेत बसला.

गॅलरीत उभा राहून मी हे ऐकत होतो. हसू तर आलेच. पण त्या हसण्याबरोबर एक जुनी रुखरुखही वर आली. मुलांशी खोटे बोलू नये, असे आपण सगळेच म्हणतो. आणि रात्री त्यांना झोपवताना मेणाच्या घरात राहणारी चिमणी आणि तिच्या दाराशी भिजत उभा राहिलेला कावळा यांची गोष्ट सांगतो. मग गोष्टीतले खोटे चालते आणि दुसरे चालत नाही, ते का? दोहोंमधली रेघ नेमकी कुठे असते? मला ती एका सिंहाने दाखवली. तो सिंह मी तीन रूपांत पाहिला.

पहिले रूप कागदावरचे. डिस्नेचा ‘लायन किंग’ १९९४ साली आला. सिंबा नावाचा छावा, त्याचा बाप मुफासा, आणि राज्यासाठी भावाचा जीव घेणारा काका स्कार. सख्ख्या काकाचे कपट आपल्या इतिहासाला नवीन नाही. म्हणूनच की काय, आमच्या घरात तो चित्रपट पारायणासारखा पाहिला गेला. मुलगा लहान होता तेव्हा, आणि पुढे नात लहान होती तेव्हाही. चित्रातल्या त्या सिंहाच्या भुवया माणसासारख्या वर जात, डोळ्यांत पाणी येत असे. असा सिंह जगात नाही हे पोरांना ठाऊक होते. त्यांचे त्यावाचून काही अडत नव्हते.

दुसरे रूप २०१९ सालचे. जॉन फॅव्हरो या दिग्दर्शकाने तीच गोष्ट पुन्हा केली. पण या वेळी सिंह असा, की आयाळीचा केस न् केस वाऱ्यावर हलावा. नात तेव्हा साडेपाच वर्षांची होती आणि लंडनहून सुट्टीला आमच्याकडे आली होती. आम्ही दोघे आजी-आजोबा तिला घेऊन नाशिकच्या एका चित्रपटगृहात गेलो. खेळ हिंदीतला होता. मुफासाला आवाज शाहरुख खानचा आणि सिंबाला त्याच्या मुलाचा. कारागिरी पाहून मी थक्क झालो. सगळे आयुष्य सातपूरच्या कारखान्यांत सूतभर फरकासाठी भांडण्यात गेलेले. काटेकोर कामाची किंमत मला कळते. पण मुफासा कड्यावरून कोसळला तेव्हा नात रडली नाही. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, “आजोबा, हा खरा सिंह आहे का? त्याला लागलं असेल का हो?”

अंधारात लांबलचक खुलासा कोण करणार? मी म्हणालो, “हो, खरा. पण फार नाही लागलं त्याला.”

उरलेला सगळा वेळ ती सिंहाचा पाय दुखत असेल का, याच काळजीत होती. सिंबाचा बाप गेला, हे तिच्यापर्यंत पोचलेच नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात माझी पत्नी वारली. आजार जेमतेम तीन आठवड्यांचा. मुलगा धावत आला, दिवसकार्य करून परत गेला. इतक्या लहान पोरीला इतक्या लांबून काय सांगायचे, म्हणून आम्ही मोठ्यांनी ठरवले की तूर्त काही सांगायचे नाही. दर रविवारी ती फोनच्या पडद्यावर येई आणि विचारी, “आजी कुठाय?” मी सांगे, “झोपलीय गं.” पहिल्या रविवारी जीभ अडखळली. चौथ्या रविवारी अडखळेनाशी झाली. खोटे बोलण्यातले सगळ्यात वाईट काय असेल, तर ते अंगवळणी पडते हे.

फेब्रुवारीत मुलाने मला लंडनला बोलावून घेतले. तिथे लायसियम नावाच्या नाट्यगृहात हाच ‘लायन किंग’ १९९९ सालापासून चालू आहे. मूळ नाटक १९९७ सालचे, अमेरिकेतले. ते बसवले ज्युली टेमोर या बाईंनी. इंडोनेशियात राहून तिथल्या मुखवट्यांचा आणि बाहुल्यांचा त्यांनी अभ्यास केला होता. त्याचे फळ म्हणजे हा सिंहाचे तिसरे रूप. मुफासाचा मुखवटा नटाच्या तोंडावर नसतो, डोक्याच्या वर असतो. खाली माणसाचा चेहरा उघडा. जिराफ म्हणजे हातापायांना लांब काठ्या बांधून वाकून चालणारा माणूस. दुष्काळ पडतो तेव्हा रंगमंचावर पसरलेले निळे रेशमी वस्त्र मधल्या एका भोकातून हळूहळू खाली ओढले जाते, आणि पाणवठा आटतो. काही म्हणजे काही लपवलेले नाही.

आणि मुफासाच्या शोकाचा प्रसंग आला. सिंहिणी गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी मुखवट्यांच्या डोळ्यांतून पांढऱ्या फिती ओढून काढल्या. त्यांचे अश्रू ते हेच. हातभर लांबीचे, कापडाचे. नाशिकच्या चित्रपटगृहात कोरडी राहिलेली माझी नात इथे हमसाहमशी रडू लागली. थोड्या वेळाने माझा हात घट्ट धरून तिने विचारले, “आजोबा, आजी झोपलीच आहे का?”

त्या दिवशी वॉटर्लू पुलावरून चालताना मी तिला खरे ते सांगितले. सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला वाटलंच होतं.” खोटे मी बोलत होतो, आणि ओझे मात्र तीही वाहत होती.

पुढे महिनाभरात करोनाने नाट्यगृहे बंद झाली, विमाने बंद झाली. सातपूरच्या घरात एकटा बसून मी या एकाच गोष्टीचा विचार करीत असे. खऱ्यासारख्या सिंहापाशी जो प्रश्न तिला सुचला नाही, तो कापडाच्या अश्रूंपाशी कसा सुचला? मला वाटते, आपल्या भाषेतल्या एका मात्रेत त्याचे उत्तर आहे. हुबेहूब सिंह पाहिला की मूल विचारते, “हा खरा आहे का?” आणि सोंग सोंग म्हणूनच समोर आले, की हा प्रश्न उरतच नाही, मग ते विचारते, “हे खरे आहे का?” पहिला प्रश्न जनावराविषयी आहे. दुसरा जगण्याविषयी आहे.

हे शिकायला लंडनला जायला नको होते, हे नंतर लक्षात आले. आमच्या कॉलनीपुढून जाणारा त्र्यंबक रस्ता तसाच पुढे धरला, की हरसूल-मोखाड्याकडचे आदिवासी पाडे लागतात. तिथे उन्हाळ्याच्या रात्री बोहाडा होतो. संबळ वाजतो, मशाली पेटतात, आणि देवांची, राक्षसांची सोंगे एकामागून एक नाचत येतात. मुखवट्यामागे कोण आहे हे गावाला ठाऊक असते. दुपारी त्याच्याशी बांधावरून बोलणे झालेले असते. तरी देवाचे सोंग पुढे आले की हात जोडले जातात. ही फसवणूक नव्हे. हे दोन्ही बाजूंच्या संमतीने केलेले खोटे आहे, आणि म्हणूनच त्यातून खरे बाहेर येते.

यावर कोणी म्हणेल, मग सिनेमा म्हणजे निव्वळ लबाडीच का? तसे म्हटले, तर त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनाच लबाड म्हणावे लागेल. त्यांच्या १९१७ सालच्या ‘लंकादहना’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने केल्या, आणि पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत, असे जुनी माणसे सांगत. पण हेच फाळके ‘प्रोफेसर केल्फा’ या उलट्या नावाने जादूचे प्रयोगही करीत. आणि चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवणारी एक छोटी फिल्मही त्यांनी काढली होती. जादूगार आणि भोंदू यांत फरक तो हाच. हातचलाखी दोघेही करतात. पण जादूगार स्वतःला जादूगार म्हणवतो.

या न्यायाने फॅव्हरोही जादूगारच निघाला. चित्रपट लागल्यावर थोड्याच दिवसांत त्याने स्वतःहून सांगून टाकले, की यातली १४९० दृश्ये कलावंतांनी संगणकावर घडवलेली आहेत. कॅमेऱ्याने आफ्रिकेत प्रत्यक्ष टिपलेले दृश्य एकच, अगदी आरंभीचा सूर्योदय. म्हणजे नाटकाने न विचारता कबुली दिली, चित्रपटाने मागाहून दिली. आणि मी? मला तर तोंडावर विचारले होते, एकदा नव्हे, दर रविवारी. सिंहावर रागावण्याचे मला काही कारण नाही. रेघ कागद, पडदा आणि रंगमंच यांच्यामधून जात नाही. मूल सरळ विचारते तेव्हा आपण काय उत्तर देतो, तिथून ती जाते. गोष्ट सांगावी, सोंगही घ्यावे, हवे तितके रंगवावे; पण पोराने बाही ओढून “खरं सांगा” म्हटले, की मुखवटा काढून ठेवता आला पाहिजे.

नात आता मोठी झाली आहे. तिला चित्रातला सिंह बाळबोध वाटतो आणि २०१९ चा आवडतो. पूर्वी मी वाद घातला असता. आता घालत नाही. माझ्या मुलाच्या लहानपणाची आवड तिने वारशाने चालवावी, हा हट्टही एक प्रकारे मुखवटाच, तिच्या तोंडावर बळेच बसवलेला.

परवा रविवारी तिला किल्ल्यातल्या सिंहाची गंमत सांगितली, आणि ती एका सूर्योदयाची हकिगतही. म्हटले, “तेव्हा थिएटरात ‘हो, खरा’ म्हणालो, ते चुकलंच माझं.”

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सगळं नाही चुकलं, आजोबा. सूर्य खरा होता.”