पाण्याचं माहेर

राहायला चांगलं शहर कोणतं, हा प्रश्न मराठी माणसाला कधीही विचारू नये. जेवणाच्या पंक्तीत तर नाहीच नाही. मठ्ठा निवून जातो. मुंबईकर मुंबईबाहेर वस्ती आहे हेच मान्य करत नाही. पुणेकराला प्रश्नच अडाणीपणाचा वाटतो, कारण त्याच्या कोशात 'चांगलं' या शब्दापुढे 'पुणे पाहा' एवढंच लिहिलेलं असतं. नागपूरकर म्हणतो, 'रस्ते बघा आमचे.' कोल्हापूरकर काहीच म्हणत नाही, पुढ्यात तांबडा रस्सा ठेवतो. आम्ही डोंबिवलीकर असल्या वादात नुसते श्रोते असतो. डोंबिवलीत माणूस राहतो असं म्हणणं जरा धाडसाचंच आहे. तो तिथं झोपतो. राहतो तो लोकलमध्ये.

पूर्वी हे वाद मिटत नसत. पण २०१८ साली केंद्राच्या गृहनिर्माण आणि नगरव्यवहार मंत्रालयानं शहरांची चक्क परीक्षा घेतली. १११ शहरं बसली होती. पाणी, वीज, कचरा, बागा, घरं अशा विषयांतले ७८ निकष लावले आणि निकाल जाहीर केला: पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. माझे साडू पुण्याचे. त्यानंतर महिनाभर ते असे वावरत होते, की पहिला नंबर शहराचा नसून त्यांच्या सोसायटीच्या बी विंगचा आलाय. पुढचा निकाल २०२१ साली लागला. त्यात बंगळूर पहिलं आणि पुणे दुसरं. तेव्हापासून 'असल्या याद्यांना काही अर्थ नसतो' या मताचे ते खंदे पुरस्कर्ते आहेत.

आता गंमत अशी, की याच साडूंनी मध्यंतरी आंदर मावळात पाच गुंठ्यांचा प्लॉट घेतला. कशाला? तर 'राहायला'! राहायला उत्तम अशा शहरात राहून दमलेल्या माणसाला राहायला दुसरी जागा लागते, हे त्या ७८ निकषांत बसत नाही. रविवारी सकाळी कान्हे फाट्यावर उभं राहावं. शहरातल्या मोटारी मोकळी हवा खायला टाकव्याकडे चाललेल्या असतात. आणि त्याच रस्त्यावरून मावळातली पोरं कामाच्या पाळीसाठी, नाहीतर शहरात खोली बघायला, उलट्या दिशेनं येत असतात. दोघंही एकमेकांकडे 'याचं डोकं फिरलंय' अशा नजरेनं बघत पुढे जातात.

या प्रश्नावर ॲरिस्टॉटल नावाचे एक ग्रीक गृहस्थ फार पूर्वी बोलून गेले आहेत. त्यांचं म्हणणं, नगर जन्माला येतं ते माणसाला जगता यावं म्हणून. पण ते टिकतं ते चांगलं जगता यावं म्हणून. शिवाय नगर एवढंच असावं, की एका नजरेत मावेल. आमच्या साडूंच्या गॅलरीतून एका नजरेत समोरच्या घरातलं वाळत घातलेलं धुणं तेवढं मावतं. आणि मुंबई एका नजरेत कुठून बघणार? मलबार हिलवरून? छे. माझ्या मते मुंबई बघायची तर ठोकळवाडीच्या धरणावर उभं राहून.

कारण असं. आंदर मावळातल्या नदीचं मूळ म्हणणं पूर्वेकडे जायचं, इंद्रायणीला मिळायचं आणि तिच्या सोबतीनं भीमेकडे निघायचं. टाटांच्या आंध्र व्हॅली कंपनीनं इथं बांध घातला, डोंगरातून बोगदा काढला आणि पाण्याला पश्चिमेकडे वळवलं. ते पाणी सह्याद्रीचा कडा उतरून भिवपुरीच्या वीजघरावर आदळतं. १९२२ सालापासून तिथली वीज मुंबईला जाते आहे. वीज करून झाल्यावरही पाण्याला सुट्टी नाही. ते उल्हास नदीत जातं आणि पुढे कल्याण-डोंबिवलीकडच्या नळांना लागतं. म्हणजे जिथं सूर्य मावळतो तो मावळ, आणि तिथूनच मुंबईचा दिवा लागतो! याच मावळातल्या आंद्रा धरणाचं पाणी इंद्रायणीतून पिंपरी-चिंचवडला जातं, ते वेगळंच.

गेल्या मे महिन्यात साडूंचा प्लॉट बघायला आम्ही दोघं या जलाशयाच्या काठाकाठानं हिंडत होतो. खाली निळंशार पाणी आणि वर ऊन. साडूंना तहान लागली. पिशवीतली बाटली गाडीतच राहिलेली. एका घरापुढे एक आजी डोईवरचा हंडा उतरवत होत्या. विहिरीवरून आल्या होत्या. त्यांनी न मागता तांब्या भरून पुढे केला, त्यावर गुळाचा खडाही दिला. साडू दोन तांबे प्यायले.

"पाव्हणं, तुमच्याकडं पानी कुठनं येतं?" आजींनी सहज विचारलं.

"नळातून," साडू म्हणाले.

"ते झालं. पर नळात कुठनं?"

साडूंनी जरा विचार केला. "महापालिकेतून."

मी म्हटलं, "आजी, आमच्याकडं डोंबिवलीला तुमच्या या धरणाचंच येतं. डोंगरातून खाली जातं, वीज होते आणि मग आमच्याकडं."

आजींनी खालच्या पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आमचंच म्हना की! बरं हाय ना तिकडं?"

लेक दिलेल्या गावचा माणूस भेटला की विचारतात ना, अगदी तसं. मी 'बरं आहे' म्हटलं. आमच्याकडे त्यानं गाड्या धुतात, तेवढं सांगायचं टाळलं.

तर मला वाटतं, शहर चांगलं की वाईट याची खरी खूण इथं आहे. आपल्याकडे एखादं सासर चांगलं आहे की नाही, हे कसं ओळखतात? घराच्या रंगावरून नव्हे. सुनेचा भाऊ अवचित दारात आला, तर त्याला पाट-पाणी मिळतं की 'आत्ता कसं येणं केलंत?' हे ऐकावं लागतं, यावरून. शहर हे पाण्याचं, विजेचं, तांदळाचं, दुधाचं सासर आहे. आणि त्या सासरची परीक्षा घेणारे लोक फक्त सासूला विचारून गुण देतात!

लगेच खेडं म्हणजे स्वर्ग असा गळा मी काढणार नाही. पावसाळ्यात तिथं चार दिवस राहून दाखवावं. पाचव्या दिवशी माणूस डोंबिवलीच्या आठवणीनं हळवा होतो. आजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन शहरातच झालंय, नातू शहरालगतच्या कारखान्यात जातो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली निघालेला इंद्रायणी तांदूळ मावळातला शेतकरी पिकवतो, तो शहरातल्या पातेल्यात शिजतो म्हणूनच त्याला भाव आहे. माहेरालाही सासरची गरज असतेच. माझं म्हणणं एवढंच, की सोयरीक असेल तर सोयरिकीसारखं वागावं.

नाहीतर काय होतं, तेही मावळानं पाहिलंय. जवळच्याच मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली १९२१ साली शेतकरी सत्याग्रहाला बसले. सत्याग्रह तीन वर्षं चालला, जमिनी पाण्याखाली जायच्या त्या गेल्याच. पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं, तेव्हा पवन मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, तीन माणसं गेली. शहराची तहान खोटी नव्हती. पण माहेरची माणसं काही सांगायला येतात आणि त्यांची अशी बोळवण होते, त्या शहराच्या बागा कितीही हिरव्या असोत, त्याला चांगलं म्हणताना जीभ अडखळते.

म्हणून त्या ७८ निकषांत माझा एक एकोणऐंशीवा घालावा, अशी मंत्रालयाला नम्र सूचना आहे. परीक्षकानं शहरात येऊच नये. पाणी जिथून निघतं त्या गावी जावं, ओसरीवर बसावं आणि विचारावं: लेक दिलीत, पण तिच्या घरून तुमच्याकडे कधी काय येतं? रस्ता येतो का, दवाखाना येतो का, उन्हाळ्यात निदान हंडाभर पाणी तरी उलटं वर येतं का? की नुसते रविवारी पाहुणेच येतात आणि बाटल्या टाकून जातात? मिळालेलं उत्तर मुकाट्यानं लिहून घ्यावं. उत्तराबरोबर तांब्याभर पाणी आणि गूळ मिळेलच, तो मात्र शहराच्या गुणांत धरू नये.

ही सूचना मी साडूंना ऐकवली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हा निकष लागला तर आमचा नंबर किती खाली जाईल हो?"

म्हटलं, "घाबरू नका. खाली आमची डोंबिवली असेलच सोबतीला."